वाल्बुर्गाची दोन दारांची गाडी

गावात तिला सगळे बुर्गा म्हणत. पूर्ण नाव वाल्बुर्गा थाइसेन, आणि धंदा पायांचा. म्हणजे घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची नखं कापायची, टाचेचे घट्टे खरवडायचे, कुरूप काढायचं. आयफेलच्या डोंगरात गावं लहान, म्हातारी माणसं मोप, आणि साठीपुढं कंबर वाकवून स्वतःच्या अंगठ्यापर्यंत पोचणारा एखादाच. त्यामुळं बुर्गाला कामाचा तोटा कधी पडला नाही.

पाय हातात धरून धरून तिला एक सवय लागली होती. माणसाच्या तोंडाकडं ती बघायचीच नाही, बघायची ती तळव्याकडं. तोंड खोटं बोलतं, टाचेला तेवढी अक्कल नसते, असं तिचं म्हणणं. आणि संशय तर तिच्या हाडातच मुरलेला. बेकरीतला पाव ती तळहातावर तोलून घ्यायची. पाद्रीबाबानं प्रवचन लवकर आटोपलं तर याला एवढं कुठं जायचंय म्हणून चर्चच्या दारातच रेंगाळायची. नवरा पंचवीस वर्षांपूर्वी कोलोनला कामाला म्हणून गेला तो गेलाच. त्यावर ती एवढंच बोलायची, "मला आदीच कळलं हुतं. कामाला जाताना नवं मोजं कोन नेतंय?"

त्या वर्षी शरद ऋतूत तिची जुनी डबा गाडी मेली. दर दोन वर्षांनी तपासणी असते, तिथल्या माणसानं गाडीच्या बुडाला हातोडी मारली आणि हातोडी आतच गेली. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं पत्रा खाल्ला होता. महिनाभर कशीबशी चालवा, मग भंगारात घाला, असं त्यानं सांगितलं. बुर्गानं बेकरीत उभं राहून जाहीर करून टाकलं, की आता घेईन ती दोन दारांची.

"दोन दारांची कशापायी?" तिची बहीण हेडविग म्हणाली. "मागं बसायचं कुनी?"

"म्हनूनच."

कारण असं, की त्या डबा गाडीत वीस वर्षं बुर्गानं अख्खं गाव वाहिलं होतं. हेडविगला डोळ्याच्या डॉक्टरकडं, भजनी मंडळाच्या बायांना तालमीला, कुणाच्या बकऱ्याला पशुवैद्याकडं. मागं दार असलं की ते उघडणारा हात आपोआप येतो. आता तिची पेटी, घडीचं स्टूल आणि पाय बुडवायचं घमेलं सोडून गाडीत काही येता कामा नये. आणि डोंगराचा चढ दम न लागता चढणाऱ्या दोन दारांच्या गाड्या म्हणजे बसक्या, शर्यतीच्या तोंडावळ्याच्याच. आता हे झालं लोकांना सांगायचं. शेजारच्या लोथारची लाल गाडी गल्लीतनं गेली की बुर्गाची मान तिच्यामागं वळायची, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

लोथार मेर्टेस म्हणजे छपरावर दगडी पाट्या बसवणारा, आता निवृत्त. तीस वर्षांचा शेजार, मधे फक्त कुंपणाची झुडपं. हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फही तोच ओढायचा. त्याची बायको आग्नेस गेल्या वसंतात वारली होती.

"बुर्गा, गाडी बघतीयास म्हनं," तो कुंपणावरनं म्हणाला.

"कुनी सांगितलं?"

"तूच. बेकरीत, धा जनांसमोर."

"मग इचारतूस कशाला?"

"माझी घे. लाल."

बुर्गानं हातातला कोबीचा गड्डा खाली ठेवला. "का इकतूस?"

"गुडगं. बसाय-उठाय जमंना."

"परवा तर हेडविगच्या छपरावर चढला हुतास."

"छपरावर गुडगं वाकत न्हाईत एवढं. गाडीत वाकत्यात."

"शर्यतीच्या रस्त्यावर न्हेली हुतीस का?"

हा प्रश्न त्या मुलखात विचारावाच लागतो. जंगलात मैलोन्‌मैल वळणावळणाचा शर्यतीचा रस्ता आहे. ठरलेल्या संध्याकाळी तो सगळ्यांना खुला असतो, आणि दूरदूरची पोरं तिथं गाडीची हाडं खिळखिळी करून घेतात. मग ती गाडी धुऊन-पुसून, कधी नवा रंग मारून, आसपासच्या गावांत विकायला येते. म्हणून तिथं जुनी बसकी गाडी घेणारा आधी संशय घेतो आणि मग किल्ली.

"चाक न्हाई लागलं तिकडच्या रस्त्याला," लोथार म्हणाला.

तिनं पेटी, स्टूल, घमेलं गाडीत घालून बघितलं. मागची बैठक पाडली की सगळं नीट बसत होतं. स्वतः बसली तेव्हा दूध काढायच्या पाटावर बसल्यागत वाटलं, पण एकदा बसल्यावर उठू नये असंही वाटलं. घाटात चढवून आणली. मग कुंपणाशी दोघांनी हातावर हात मारला.

आता या हाताची गोष्ट अशी, की तिथं आजा-पणजापासून गुरांचा बाजार हातावर चालत आलेला. हात मारला की गाय गेली, कागदाची भाषा कुणी काढायची नाही. आणि दिलेला हात मागं घेणाऱ्याच्या शब्दावर पुढं कुणी कोंबडीसुद्धा सोडत नाही. बुर्गाचा तर धंदाच शब्दावर. लोक तिला घरात घेत, किल्ल्या देत, पाय तिच्या मांडीवर टाकून डोळे मिटत.

पण रात्र गेली आणि सकाळी तिच्यातला किडा वळवळला. लोथार पाव आणायला गेलेला बघून ती कामाची विजेरी घेऊन लाल गाडीपुढं उकिडवी बसली, आणि सवयीनं टाच बघावी तसा टायर बघितला. पुढचं डावं चाक बाहेरच्या कडेनं गुळगुळीत झालं होतं. बाकी तिन्ही बरी.

शर्यतीच्या त्या रस्त्याला उजवी वळणं जास्त, त्यामुळं सगळा भार डाव्या पुढच्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर येतो. हे तिकडं शेंबडं पोरही सांगेल.

लोथार आला तेव्हा ती तिथंच होती.

"ही कड कशानं गेली?"

"कशाला तरी धडाकली आसंल. चाक वाकडं झालं आसंल."

"कुटं धडाकली?"

"ध्यानात न्हाई."

एवढं बोलून तो पावाची पिशवी उगाच या हातातनं त्या हातात घेत राहिला. कान लाल झाले होते. ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या छपरावर कितवी पाटी फुटली ते आठवतं, त्याला गाडी कुठं धडकली ते आठवत नाही.

ती तडक हेडविगकडं गेली. हेडविगचा नवरा माथेस हा शर्यतीच्या रस्त्याच्या वरच्या टेकडीवर घडीची खुर्ची टाकून बसणाऱ्यातला. खुल्या संध्याकाळी अशी पंधरा-वीस टाळकी बिअर पीत तिथं बसतात, आणि कोण किती जोरात आला, कोण लोखंडी कठड्याला भिडला, याचा न्याय करतात.

"लोथारची लाल गाडी तिकडं बघितलीस का रे कदी?"

"मेहुनीबाई, दर गुरवारी," माथेस म्हणाला. "संध्याकाळ झाली की फाटकापाशी हजर."

"आत जाताना बघितलीस?"

"फाटकापाशी काय दर्शनाला उबी ऱ्हाती? फाटकापाशी दिसली म्हंजे आत गेली. बायकू मेल्यावर मानसाला काय तरी नाद लागतुयाच. माझी मरंल तवा मलाबी लागंल."

"तुला आदीच लागलाय," आतनं हेडविग म्हणाली.

झालं. चाक नाही लागलं म्हणाला, आणि दर गुरुवारी फाटकावर. तीस वर्षांचा शेजारी कुंपणावरनं तोंडावर खोटं बोलला होता. गाडीचं दुःख बुर्गाला होतंच, पण गाडी हिवाळ्यात घाटात बंद पडेल ही भीती एक, आणि ज्याच्या भरवशावर ती बर्फाच्या दिवसांत झोपायची तोच माणूस असा निघावा हे दुसरं. दुसरंच जास्त खुपत होतं.

तिनं तालुक्याच्या गावात दुसरी गाडी बघितली. काळी, म्युनिककडची, लांब नाकाची. मालक लोर्शाइडसाहेब, इस्त्रीचा शर्ट, घरापुढं मोजून कापलेलं गवत.

"या बाई, निवांत बघा. ही अगदी घरातली गाडी आहे. बाजारहाट आणि शाळा, बस्स."

मागच्या बैठकीवर लहान मुलाची खुर्ची बांधली होती. बैठकी आपोआप तापत होत्या, गिअर आपोआप पडत होते, चारी टायर एकसारखे झिजलेले. घमेलं मात्र डिकीच्या तोंडातनं जाईना. ते उभं करून पुढच्या बैठकीवर ठेवावं लागलं. आणि नाक एवढं लांब, की अंगणातनं बाहेर काढताना आपण रस्त्यावर येऊन कुणाला तरी विचारावं, येऊ का म्हणून. बुर्गानं लहान मुलाच्या खुर्चीखाली हात घातला. बोटं चाचपली, वास घेतला. काही नाही.

"मूल काय खातं हो तुमचं?"

"म्हणजे?"

"बिस्किटाचा चुरा न्हाई. मुलाच्या खुर्चीखाली चुरा न्हाई म्हंजे मूल हाय का न्हाई?"

"नातू आहे. तो सणालाच येतो," लोर्शाइडसाहेब म्हणाले, आणि हसले. हसू फार लवकर आलं असं बुर्गाला वाटलं. पण टायर एकसारखे होते. शनिवारी येऊन सांगते म्हणून ती निघाली.

आता लोथारचा हात परत करायचा होता. हे काम कुंपणाशी गुपचूप झालं असतं. पण गुपचूप केलं तर उद्या तोच सांगेल की बुर्गा फिरली, असा तिला संशय. म्हणून बुधवारी, योस्टच्या हॉटेलच्या तळघरात नऊ खुंट्या पाडायच्या खेळाला सगळे जमतात तिथं, तिनं विषय काढला. लोथार लाकडी गोळा हातात घेऊन नेम धरत होता.

"लोथार, म्या हात मागं घेती."

योस्टचा पेला भरायचा नळ तेवढा चालू राहिला.

"तुझी गाडी शर्यतीच्या रस्त्यावर फिरलीया. टायर सांगतुया, आन् दर गुरवारी फाटकावर बघनारी मानसं हितं बसल्यात. न्हेली हुती म्हनाला असतास तर म्या बघून घेतलं असतं. पर तू न्हाई म्हनालास."

सगळ्यांना वाटलं, आता हा गोळा टाकून अंगावर येईल. लोथारनं तो जिथनं उचलला होता तिथं नीट ठेवला.

"घे," म्हणाला. एवढंच. आणि कोट घेऊन वर गेला.

"गप गेला म्हंजे खरंच," माथेस म्हणाला. बुर्गालाही तसंच वाटलं. पण घरी चालत जाताना तिला हेही वाटलं, की खोटं पकडलेला माणूस भांडतो. हा भांडला का नाही?

शुक्रवारी तिला डोंगरापलीकडं रोझवीटाचे पाय करायचे होते. रोझवीटाची शर्यतीच्या रस्त्याच्या फाटकाशीच सॉसेज-पावाची टपरी, टपरीच्या मागं घर. आयुष्यभर उभी राहून बाईच्या तळव्यांची कमान बसली होती. बुर्गानं घमेल्यात कोमट पाणी ओतलं, रोझवीटानं पाय बुडवले आणि हाश्श केलं. बुर्गा पेटीतनं कानस काढायला वाकली, तर शेगडीजवळ पुरुषाच्या सपाता.

डाव्या सपातेची टाच बाहेरून तासल्यागत झिजलेली. आणि करंगळीच्या जागी कात्रीनं पाडलेलं भोक.

ते भोक पाडायला बुर्गानंच सांगितलं होतं. लोथार एकदा छपरावरनं पडला तेव्हा त्याचा डावा घोटा वाकडा जुळला, तेव्हापासून करंगळीवर कुरूप. महिन्यातनं एकदा ती ते कोरून काढायची, आणि सपातेला भोक पाड म्हणजे घासणार नाही, असा सल्लाही तिचाच.

"सपाता कुनाच्या?" बुर्गानं विचारलं.

"माझ्या भावाच्या."

"तुला भाऊ न्हाई."

"चुलत."

रोझवीटाचे पाय पाण्यात एकमेकांवर चढले. बुर्गा कानस घेऊन टाच घासू लागली. खिडकीतनं टपरीच्या मागचा बोळ दिसत होता. बोळाच्या तोंडाशी हद्दीचा जुना दगड, आणि त्या दगडावर, गाडीच्या चाकाच्या उंचीला, लाल रंगाचा ओरखडा. गाडीचे दिवे मालवून अंधारात आत घालायला गेलं की डावं चाक बरोबर तिथं बसेल.

मग सगळंच तिच्या डोक्यात जागच्या जागी बसत गेलं. आग्नेसच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली वर्षश्राद्धाची प्रार्थना, अजून व्हायची होती. ती होईपर्यंत विधुरानं नाचाला उभं राहायचं नाही, रंगीत टाय बांधायचा नाही, असा तिकडचा रिवाज. सॉसेजवालीच्या घरात सपाता ठेवायच्या नाहीत हे वेगळं सांगायला नकोच. आणि लाल बसकी गाडी टेकडीवरनं पंधरा टाळक्यांना दिसते. गुडघे-बिडघे काही नव्हते. त्याला कुणाच्या नजरेत न भरणारी गाडी हवी होती. चाक त्या रस्त्याला लागलं नव्हतं, हे खरं होतं. गावासमोर ते खरं करून दाखवायचं तर रोझवीटाचं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून तो लबाड ठरून कोट घेऊन वर गेला होता.

बुर्गाला वाईट वाटलं नाही, आधी राग आला. माझ्याजवळ बोलला असता तर काय झालं असतं? मग तिनं स्वतःच त्याचं उत्तर दिलं. तुझ्याजवळ कोण बोलेल, बुर्गा? तू तर प्रवचन लवकर संपलं म्हणून पाद्रीवर पाळत ठेवतीस.

"लई जोरात घासतीस गं," रोझवीटा म्हणाली.

"घट्टा जुना हाय."

शनिवारी काळी गाडी घेतली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. गावात बुर्गा खरी, लोथार लबाड, आणि तिच्या बुडाखाली तापणारी बैठक. पण शनिवारी ती तालुक्याला गेली नाही. फोन करून नको म्हणून सांगितलं. लोर्शाइडसाहेब कारण विचारू लागले तेव्हा म्हणाली, "घमेलं बसत न्हाई." हे खरंही होतं.

पुढच्या बुधवारी ती तळघरात गेली. लोथार आला नव्हता.

"टायर म्या चुकीचा वाचला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चाक दगडाला लागून वाकलेलं हाय. लोथार खरं बोलला हुता."

"आन् गुरवारचं फाटक?" माथेस म्हणाला.

"तू चार बिअर पिऊन टेकडीवर बसतूस. गेल्या साली पाद्रीबाबाची लाल गाडी बघून मढ्याची गाडी आली म्हनून छातीवर क्रूस काढत हुतास."

लोक हसले. माथेसनं हसणं संपू दिलं. मग बारीक डोळे करून म्हणाला, "मेहुनीबाई, किती सूट दिली लोथारनं?"

त्यावरही लोक हसले, पण जरा वेगळं. बुर्गाला ते हसणं ओळखीचं होतं. आजवर ती ते दुसऱ्यांकडं बघून हसत आली होती. तिनं पेला संपवला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी लोथार अंगणात दाताळ्यानं पानं गोळा करत होता. तिनं कुंपणाशी उभं राहून खाकरलं. त्यानं वर बघितलं नाही.

"तळघरात सांगितलं म्या. माझी चूक झाली म्हनून."

"कळलं."

"डाव्या सपातेची टाच बाहेरनं लई झिजलीया तुझी. अशानं खरंच गुडगं जात्याल. नव्या घे. दोन्ही जोड."

दाताळं थांबलं. लोथारनं तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत भीती होती का संताप, ते बुर्गाला कळेना. तोंड वाचायचा तिला सरावच नव्हता.

"कुनाला बोललीस?"

"म्या पाय बघती. बोभाटा करत न्हाई."

"आठ दिसांमागं तळघरात बघितला तुझा बोभाटा."

वारा आला आणि गोळा केलेली पानं पुन्हा पसरली. तो ती परत ओढू लागला.

"गाडी अजून इकायची हाय का?" शेवटी तिनंच विचारलं.

"हाय."

बुर्गानं बाही सारून कुंपणावरनं हात पुढं केला. लोथारनं त्या हाताकडं बघितलं, दाताळं झाडाला टेकवलं आणि घरात गेला. हात तसाच झुडपांवर राहिला. तो परत आला तेव्हा त्याच्याकडं छापील करारनामा होता, दोन प्रतींत, दुकानात मिळतो तसला. शेजाऱ्यापाजाऱ्यांत तो कागद त्या गावात कधी कुणी काढला नव्हता. तो परगावच्या माणसासाठी असतो.

"आपल्यात कागद?" बुर्गा म्हणाली.

"तुझ्या हाताचं मला काय सांगता येत न्हाई आता."

ती कुंपणाला वळसा घालून त्याच्या अंगणात आली, आणि बागेतल्या बाकावर त्यानं कागद पसरला. गाडी बघून घेतली, चालवून घेतली, पुढचं डावं चाक धडकलेलं आहे हे खरेदीदारास माहीत आहे, नंतर कुठलीही तक्रार चालणार नाही. एकेक ओळ तो बोट ठेवून वाचत गेला. मोठ्यानं, परगावच्या माणसाला वाचून दाखवावी तशी. बुर्गानं सगळं ऐकून घेतलं आणि मग स्वतः पुन्हा वाचलं. तेवढं तिला सोडवलं नाही. पेन उचललं, तर त्यानं कागदावर हात ठेवला.

"वळखपत्र दाखव."

"कुनाचं?"

"तुझं. खरेदीदाराचं बघून घ्या म्हनून ल्हिलंय हितं."

तीस वर्षं तो तिच्या दारातला बर्फ ओढत होता. बुर्गानं त्याच्याकडं बघितलं, तो कागदाकडंच बघत होता. ती उठली, कुंपणाला वळसा घालून आपल्या घरात गेली, आणि पेटीतनं ओळखपत्र काढून आणलं. लोथारनं ते उजेडाला धरलं. आधी फोटो बघितला, मग तिचं तोंड, मग पुन्हा फोटो.

"बरोबर हाय," म्हणाला, आणि पेन तिच्याकडं सरकवलं.